उतारा

खानापूरच्या कचेरीबाहेर, जांभळीच्या बुंध्याशी
माझं टेबल. एकोणीस वर्षं.
कानडी पहाणीचा मराठी उतारा करून देतो,
पानाला चाळीस रुपये, घाई असेल तर साठ.
सर्वे नंबर, पोटखराबा, वारसांची नावं, मयताची तारीख.
एक आकडा चुकला
तर दोन गुंठे शेजाऱ्याचे होतात.

माझ्या पापणीच्या कोपऱ्यात पिवळा उंचवटा आहे,
मुगाच्या डाळीएवढा.
आप्पांना होता. आजोबांना दोन्ही डोळ्यांना.
घरात म्हणत, सटवाईनं लिहून झाल्यावर
हळदीचं बोट इथं पुसलं.
सोयरिकीला पाहुणे आले की
मुद्दाम उजेडाकडे तोंड करून बसवायचे.

डॉक्टर हुलकोटीबाईंनी बॅटरी मारून पाहिलं,
रक्त काढलं,
आणि त्या हळदीचा आकडा कागदावर आला:
तीनशे बारा.
"कोलेस्टेरॉल आहे री हे, चौगुले. घराण्यातलं.
वडिलांचं काय झालं होतं?"

आप्पांचं काय झालं होतं.
लोंढ्याला पार्सल ऑफिसात बसायचे.
गाडी लेट म्हणून कुंदा,
गाडी आली म्हणून विडी.
सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका दुपारी,
पावतीवरची सही अर्धी राहिली.

आजोबा मात्र चौऱ्याऐंशी.
तीच पापणी, तीच हळद,
तूप तर त्यांच्याच ताटात जास्त.
पण कौलांच्या कारखान्यात
ओली कौलं डोक्यावर, भट्टीपर्यंत, परत, पुन्हा,
किती फेऱ्या ते कुणी मोजलं नाही.
विडी ओढली नाही, खोकल्याला भ्यायचे म्हणून.
यात पुण्य असं काही नव्हतं.
सायकल घ्यायला पैसे नव्हते.

बाई म्हणाल्या, मूळ दस्त बदलत नाही.
म्हटलं, ते मला सांगू नका.
पण तो कुणी कसा वाचतो, म्हणाल्या,
कुठली ओळ पुटपुटतो, कुठली ओरडून,
त्यात ताटाचा हात असतो, पायांचा, झोपेचा.
"आणि नुसतं चालून भागायचं नाही तुमचं.
गोळी रोज.
आजोबांना जमलं ते तुम्हाला जमेल
असं लिहून देणार नाही मी."

नक्कल, म्हणजे उतारा. जन्मभर हेच लिहीत आलो.
विषावर देतात तोही उताराच
हे दवाखान्याच्या जिन्यात आठवलं, मधल्या पायरीवर.

आता सहा महिने झाले.
चार वाजता बसाप्पाची कढई तापते
आणि मिरची भज्यांचा वास थेट माझ्या कागदांवर येऊन बसतो.
विडी सुटली.
भजी सुटली असं बायकोला सांगितलंय.

मग ऋतिकाचं रक्त.
अकरा वर्षांची पोर,
आठ आणे होय, आठ आणे नाही.
सुई टोचली तेव्हा गप्प होती.
बाहेर आल्यावर म्हणाली,
"बाबा, मलापण येणार ना पिवळं?"
आशेनं विचारलं तिनं.
खरं उत्तर मला माहीत नव्हतं.
खोटं दोन भाषांत येत होतं.

रिपोर्ट शुक्रवारी.
इर्शादनं रिक्षा थांबवली, "बसा की काका, तिकडंच जाऊलोय."
नको म्हटलं.
मलप्रभेच्या पुलावर ती पुढं,
पाट्यांवरची कानडी मोठ्यानं वाचत, अडखळत नाही कुठं,
मी मागं, पावलं टाकत,
मूळ प्रतीशी एकेक ओळ ताडून बघावी तसा.
छातीत धपधप. भीतीची की चालण्याची
ते वेगळं काढता येईना.

पूल संपता संपता तिनं वळून हाक मारली,
"बाबा, पुढं उतार आहे! पळायचं?"

मी वाकून चपलेचा अंगठा नीट केला.